खांद्यावरचा हात

कर्जतच्या बाजारातल्या त्या फोटोवाल्याकडे आता फोटो काढून घ्यायला फारसं कुणी जात नाही. फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्येच असतात. लोक जातात ते त्यातलं नको ते पुसून घ्यायला. तो स्क्रीनवर बोट ठेवून एवढंच विचारतो, "हे काडू?" मागचा टेंपो काढतो, दोरीवरचे कपडे काढतो, एकदा तर कुणाचा जावईच काढला. काम करताना तो स्क्रीनमधल्या माणसांशी बोलतो, जणू ती अजून त्याच्यासमोर स्टुलावरच बसलीत. "मावशी, हनवटी जरा खाली. आता हलू नका."

आई गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो कुठे सापडेना. शेवटी खोपोलीच्या हळदीतला ग्रुपफोटो मोबाइलमध्ये घेऊन मी त्याच्याकडे गेले. त्याने भराभर सगळे नातेवाईक पुसले, मांडव पुसला. आईच्या खांद्याशी येऊन मात्र थांबला. तिथे कुणाची तरी बोटं उरली होती.

"हात कोनाचा, ताई?"

"माझा."

त्याने माऊसवरचा हात उचलला. "मंग हा नाय काडत," म्हणाला, आणि स्क्रीनकडे वळून हळूच, "बसा मावशी निवांत."

घरी येणारे फ्रेमकडे बघून म्हणतात, फोटोवाला बोटं पुसायला विसरला वाटतं. मी मनातल्या मनात त्याला हात जोडते, आणि हार घालताना आईचा तेवढा खांदा मोकळा ठेवते.