खंडेनवमीला धुतलेला फोनोग्राफ

सोलापूरहून बिऱ्हाड बावधनला हललं आणि वडिलांच्या फोनोग्राफची कमान पहिल्याच चावीला तुटली. कमान म्हणजे आतली पोलादी पट्टी. तबकडी तिच्या जोरावर फिरते. वडिलांचा डावा कान गेलाच होता, उजवाही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. "तेवढी कमान बघ गं," वडील म्हणाले, "कान आहे तोवर."

सुटी कमान कुठे मिळेना, तेव्हा दुसऱ्या जुन्या फोनोग्राफमधली काढायची ठरवली. घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं, म्हणून मी तिथल्या जाहिरातींच्या नादी लागले. जुनी मशिनं विकणारी माणसं एकजात लबाड. फोनवर सगळ्यांचं एकच पालुपद, "एकदम चालू आहे मॅडम." चालू होता तो विकणारा. फार जुना म्हणून घेतलेल्या एकाच्या पितळी भोंग्याला पॉलिशचा वास येत होता आणि आतला सांगाडा कालपरवा ठोकलेला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दुसऱ्याच्या पेटीत यंत्रच नव्हतं, वर्तमानपत्रं कोंबली होती. विचारलं तर म्हणतो कसा, शोपीस म्हणूनच घेतात सगळे. घेतातही मेले. आमच्याच सोसायटीत एका बाईंनी भोंग्यात प्लॅस्टिकची सूर्यफुलं खोचली होती, वर मला कौतुकाने दाखवायला बोलावलं. इकडे आमच्या घरात टीव्हीचा आवाज महिन्यागणिक चढत होता.

मग जवळच्या उरवडे गावातली जाहिरात दिसली. फोटो खरा वाटला, कारण वाईट होता. विकणारा कारखान्यात कामाला, घरामागे मेंढ्यांचा वाडा. फोनोग्राफ हळदीने माखलेला, आणि जिथून आवाज निघतो त्या अभ्रकाच्या चकतीवर कुंकवाची बोटं.

"लई जपलंय ताई," तो म्हणाला. "दर खंडेनवमीला धुतोय."

"धुता? पाण्याने?"

"न्हाई तर कशानं? कोयता धुतोय, मेंढ्यांची कातर धुतोय. ह्यालाच पारोसा ठेवायचा व्हय?"

"मग घड्याळपण बादलीत बुडवा की, दादा."

"घड्याळ कुटं अवजार हाय?"

कपाळ माझं. तरी घेतला, कारण दुसरा मिळत नव्हता. परतीच्या वाटेवर रिक्षात मी त्याला शिव्या घालत होते.

घरी उघडला. दांडा गंजलेला, चाकं एकमेकांत रुतलेली. कमानीचा डबा मात्र बंद होता आणि आत जुनं ग्रीस ठासून भरलेलं. कमान धडधाकट. इतक्या खंडेनवम्यांना ते ग्रीस पुरून उरलं होतं. श्रेय ग्रीसला, त्या शहाण्याला नाही.

आमच्या फोनोग्राफमध्ये ती बसवली, चावी दिली, सुई टेकवली. तबकडीवरच्या बाई खड्या आवाजात गायला लागल्या. वडिलांनी उजवा कान जवळजवळ भोंग्यातच घातला. मग मान वर करून हसले.

"आवाज काही येत नाही गं. फिरतंय मात्र छान."

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त. उन्हाळ्यात, मी शोध सुरू केला तेव्हा, ते फोनच्या घंटीने दचकून उठत होते. त्या पहिल्या बदमाशाने खरी वस्तू दिली असती, तर त्यांनी गाणं ऐकलं असतं.

मी सुई उचलायला गेले. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला आणि तबकडी संपेपर्यंत बघत बसले.