सावकाश, चारू

माझ्या चारूला कोणी ‘सावकाश’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

चारुलता माझी थोरली. तुर्भ्याला ह्यांच्या कारखान्याच्या वसाहतीत आलो तेव्हा ती चौथीत होती. बाहेर सारखे ट्रक, खेळायला अंगण नाही, म्हणून ह्यांनी कुणाचा तरी जुना कॅरम बोर्ड आणला. कॉलेजात जाईपर्यंत वसाहतीतले पुरुष तिच्यासमोर बसायला कचरू लागले. तिच्या तोंडाची टकळी चालू असायची आणि सोंगट्या पॉकेटात पडत असायच्या. ‘आई, आज आमटीत कोकम घातलंस का,’ असं विचारेपर्यंत राणीसुद्धा गेलेली.

हे असं गेल्या दिवाळीपर्यंत. ठाण्याच्या स्पर्धेत शेवटची सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी होती. ऐन वेळी बोटाला झटका बसला आणि स्ट्रायकर तिरका गेला. तेव्हापासून अवघड सोंगट्या ती अजूनही घेते, सोपी आली की बोट आखडतं. डॉक्टरांनी बोट वाकवून पाहिलं, म्हणाले, काही झालेलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. माझी नणंद शेवंताबाई म्हणाली, “वैनी, नजर लागलीय पोरीला. मिरच्या ओवाळा.” धम्मदीक्षा घेतलेल्या घरात बसून हे बोलली. शेजारचे दादू म्हणाले, “पोरीला भाकऱ्या थापायला बसवा, बोट आपसूक सुटंल.” त्यांना मी अर्ध्या चहावरून उठवलं. आणि तिला शिकवणारे सदू मास्तर. त्यांचं एकच, “सावकाश. श्वास घे. सावकाश.” पोरगी जन्मल्यापासून हेच ऐकतेय. सावकाश चाल, सावकाश हस. एका बोर्डावर तेवढी मनासारखी धावत होती, तिथेही हे मास्तर आले.

रविवारी कारखान्याच्या संघाची निवड होती. संघात घेतलं तर तिथल्याच ऑफिसात नोकरी. शेवटचा डाव बरोबरीत आला. चारूची एकच सोंगटी उरली, तीही पॉकेटाच्या तोंडाशी. तिचं बोट स्ट्रायकरमागे आखडलेलं मला मागच्या बाकावरूनही कळलं.

मास्तर पुढे वाकले. “सावकाश, चारू.”

मी उभी राहिले. “मास्तर, तोंड मिटा. तिला तिच्या पद्धतीनं खेळू द्या.”

पंच म्हणाले, “बाई, बाहेर व्हा.”

“होते. आधी मास्तरांना काढा.”

“दोघंही व्हा.”

लोक हसायला लागले. मी रागाने दाराशी पोचले, तोच मागून चारूचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा. “आई, येताना डाळ भिजत घातलीस का गं?”

मी वळून ‘हो’ म्हणेपर्यंत टक्‌ असा आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. सोंगटी बोर्डावर नव्हती.

माझ्यामागोमाग दाराशी आलेले सदू मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा, खेळली ना सावकाश?”

आज बुधवार. चारू सोमवारपासून कामावर जाणार आहे. माझा राग अजून उतरलेला नाही.