नवसाचे रोडगे आणि डॉक्टरांचं अर्धं बोलणं

आमच्या घरात कुठलीही बातमी माझ्या तोंडून गेल्याशिवाय पक्की होत नाही. लग्नातला रुसवा असो की बैल बुजल्याची हकिकत, मी थोडं तिखटमीठ लावतो, लोक हसतात, आणि पन्नाशीतला मी शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा फुगतो. या गुणापायी थोरल्या भावाचं काय झालं, ते आता मीच सांगितलेलं बरं.

भावाला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, आधी पाच आठवडे शेक आणि गोळ्या, त्यानं गाठ आकसेल, मग ऑपरेशन. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात, जणू कंबर धरलीय. भावाला कॅन्सरपेक्षा धास्ती होती ती ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावायच्या पिशवीची. वहिनीनं मारोतीला नवस बोलला, गाठ गेली की साऱ्या गावाला रोडग्यांचं जेवण.

शेक संपल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. भाऊ जुलाबाच्या औषधानं गळून बाहेर बाकावर आडवा झाला होता, म्हणून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. गाठ दिसतच नव्हती. जागेवर नुसता पांढुरका वण. मी उठायलाच लागलो होतो, तर ते म्हणाले, "बसा. दिसत नाही म्हणजे गेली, असं धरू नका. खाली थोडी राहिलेली असू शकते. महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या."

घरी वहिनीनं विचारलं, "भाऊजी, डॉक्टर अजून काई म्हणले का?" ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाले, असं मी ठोकून दिलं. कितीतरी महिन्यांनी भाऊ पोटभर जेवत होता. त्या ताटाजवळ मला सुरी न्यायची नव्हती.

येत्या शनिवारीच रोडगे घाला, हे टुमणंही माझंच. देवळामागे गवऱ्या पेटल्या, त्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजली, आणि पंगतीत उभं राहून मी डॉक्टरांची नक्कल केली. पडद्याला नाक लावून, हरवलेली म्हैस शोधावी तशी गाठ शोधणारे डॉक्टर. माणसांना ठसके लागले. भाऊ तर डोळे पुसत हसला. दोन दिवसांत ती गोष्ट जानेफळच्या बाजारात पोचली.

महिना सरत आला, तेव्हा भावाला एकट्याला गाठून, घसा खाकरून मी डॉक्टरांचं उरलेलं बोलणं सांगितलं. भावानं हातातली सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाला, "सारं गाव रोडगे जेवलं. आता पोट कापायले गेलो त खोटं कोन? मारोती का तू?"

मी म्हटलं, मीच. तो हसला. त्याला वाटलं, नेहमीसारखी गंमत करतोय.

ऑपरेशनला भाऊ गेलाच नाही, तेव्हा निदान दर तीन महिन्यांनी तपासणीला तरी आणा, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं. एकदा गेला. पुढच्या वेळी सोयाबीन काढणीला आलं होतं, आणि बऱ्या झालेल्या माणसानं दवाखान्यात जायचं तरी काऊन?

शौचावाटे पहिल्यासारखं रक्त जायला लागलं, ते त्यानं लपवलं. गावाला काय सांगायचं, हा प्रश्न पडला होता म्हणे. कळलं तोवर गाठ परतली होती, माकडहाडाला चिकटून. आता आधी केमो, मग जमलं तर ऑपरेशन, आणि पिशवी कायमची. तेव्हाच केलं असतं तर, असं मी विचारलं. डॉक्टरांनी फाईल मिटली. "तेव्हा तुम्हाला बसवून सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. वहिनी माझ्या शेजारीच उभी होती.

एसटीत बसल्यावर भाऊ म्हणाला, "आता हे बी सांगशीन का गावाले? तशीच नक्कल करून?"

परवा पुन्हा अकोल्याला गेलो. नाव पुकारलं, तसा मी सवयीनं उठलो. वहिनीनं माझ्या हातातली फाईल काढून घेतली, "तुमी बसा भाऊजी," म्हणाली, आणि एकटी आत गेली. बाकावर आम्ही दोघं भाऊ, दाराकडे बघत. मी मध्ये एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानंच थांबवलं. वहिनी जे ऐकेल ते सगळं सांगते. तो तिची वाट पाहत होता.