विस्तवाच्या घरातले शब्द

शब्दाची समक्ष भेट घेतल्याशिवाय तो तोंडात घ्यायचा नाही, असं व्रत पाळणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या शाळेत सायन्स शिकवत असे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या त्या शाळेत मी मराठीचा शिक्षक, म्हणून ते मला पंडितजी म्हणत आणि मी त्यांना मास्तरसाब. निजामाच्या राज्यात हैदराबादेला त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. उष्णता त्यांना हरारत म्हणून ठाऊक, आम्ल तुर्शा म्हणून. पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि खात्याचा हुकूम आला: सायन्स आता मराठीतून शिकवायचं, शास्त्रीय शब्द इंग्रजीतले वापरायचे, आणि त्या शब्दांची परीक्षा दोन खेपांत पास व्हायची, नाहीतर पहिलीच्या पोरांना मुळाक्षरं गिरवायला लावत बसायचं. दुसरा कुणी घोकंपट्टीला लागला असता. मास्तरसाबांनी एक जाडजूड इंग्रजी कोश पैदा केला आणि शब्दांची खानदानं हुडकायला सुरुवात केली.

पहिल्या झटक्यातच त्यांच्या हाती लागलं विस्तवाचं खानदान. ग्रीक भाषेत विस्तवाला जो शब्द आहे, त्याच्या पोटचे शब्द इंग्रजीत 'पायर' हे नाव लावून हिंडतात, हे त्यांना ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्यांनी मला चालू तासातून बाहेर बोलावलं. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. "पंडितजी, पायरोमीटर, पायराइट, पायरेक्सिया, समदे एका घरातले! आणि तापाचं औषध असतं ना, अँटिपायरेटिक, तेबी त्याच घरातलं, पण घराच्या मुळावर उठलेलं!" एवढं बोलून ते घाम पुसत निघून गेले आणि मी वर्गात परत जाईपर्यंत पोरांनी फळ्यावर माझं चित्र काढून ठेवलं होतं. पायराइट म्हणजे पोलादावर आपटला की ठिणगी टाकणारा पिवळसर दगड. तो त्यांनी कुठूनसा मिळवला आणि शिक्षकांची सभा चालू असताना हेडमास्तरांच्या टेबलावर ठिणगी पाडून दाखवली. हेडमास्तरांनी टेबलावरची हजेरीपत्रकं तेवढी छातीशी धरली.

पायरोमीटर हे भट्टीची धग मोजायचं यंत्र. ते घेण्याची शाळेची ऐपत नव्हती, म्हणून मास्तरसाब गावाबाहेरच्या वीटभट्टीवर जाऊन बसले. तिथला म्हातारा नुसता जाळाकडं बघून सांगे, "अजून लाल हाय. पिवळा पडू द्या, मग माल पिकला म्हणायचा." झालं! यंत्र सापडलं. तेव्हापासून तो म्हातारा बाजारात दिसला की मास्तरसाब कमरेत वाकून त्याला सलाम करत आणि म्हातारा लाजून चूर होत असे. पायरोटेक्निक्स, म्हणजे शोभेच्या दारूची विद्या, बघायला ते फटाक्यांच्या कारखान्यांच्या तेरखेड्याला गेले. लांब उभं राहा म्हणून कारागिरानं तीनदा बजावलं, तरी हे भुईनळ्यावर ओणवे झाले आणि एक भिवई गमावून परत आले. पुढचा महिनाभर त्यांनी एका भिवईनं वर्ग घेतले. "एका लफ्जाला एक भिवई, लई महाग न्हाय," असं ते वर मलाच समजावत. मला एकदा सडकून ताप भरला. मास्तरसाब आले, कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मुबारक हो पंडितजी, तुम्हाला पायरेक्सिया झालाय!" पण त्यानंतर दुपारभर माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत तेच बसले होते, हेही सांगितलं पाहिजे.

या सगळ्यात वर्ष सरलं. परीक्षेला शेकड्यानं शब्द होते आणि यांचं अजून एकच घराणं फिरून झालेलं. पहिल्याच प्रश्नात पायरोमीटरचा अर्थ दोन ओळींत विचारला होता. यांनी वीटभट्टी, म्हातारा, जाळाचे रंग असं सगळं लिहीत अख्खी उत्तरपत्रिका भरली आणि पुरवणी मागितली. बाकीच्या प्रश्नांना हातही लावला नाही. अर्थातच नापास झाले. मी पोट धरून हसलो, तेही हसले. पण दुसऱ्या दिवशी भाभी, त्यांच्या पत्नी, आमच्या घरी आल्या. बसल्याही नाहीत. "भाईसाब, आता एकच खेप राहिली. पहिलीच्या वर्गावर बसवलं तर हा माणूस सायन्सवाचून जगायचा न्हाय. तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. सांगितलं कसलं, छडी घेऊनच बसलो म्हणा ना. रोज शाळा सुटल्यावर वीस शब्द, डावीकडं शब्द, उजवीकडं अर्थ. पहिल्या आठवड्यात ते मधेच थांबून विचारत, "पंडितजी, हे कुठं बघायला भेटंल?" मी म्हणायचो, "पास व्हा, मग बघा." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. शेवटी शेवटी तर असे धडाधड म्हणून दाखवत, की मला माझ्याच शिकवण्याचा अभिमान वाटू लागला.

ते पास झाले, आणि चांगले पास झाले. पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तुमचे उपकार, पंडितजी. नोकरी राहिली, सायन्स राहिलं. समदे लफ्ज बरोबर लिहिले." मग तक्रार म्हणून नव्हे, सहज सांगावं तसं म्हणाले, "पण खरं सांगू? त्यातल्या एकाशीबी माझी ओळख न्हाय."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुस्तकातलं सायन्स पुस्तकाप्रमाणं शिकवलं. त्यांच्याबद्दल कुणाची कधी तक्रार आली नाही. नोकरी वाचली याचा आनंद मला तेव्हाही झाला होता आणि आजही आहे. पण त्या दिवशी ते माझे आभार मानत असताना मला त्यांची माफी मागावीशी वाटत होती. मी मागितली नाही. पेढा खाल्ला.