पिवळा टॅग

रिवर्ककाका कुठल्याही वस्तूच्या कडेवरून आधी अंगठा फिरवत. चहाचा ग्लास, बसची खिडकी, माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा. चाकणच्या एका कंपनीत पार्टच्या कडेला राहिलेली धार शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. मी तिथे नवा इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा हात मिळवता मिळवता त्यांनी माझी वाढलेली नखं बघितली आणि म्हणाले, "ओके नाही, पण रिजेक्टही नाही. रिवर्क. घासलं की चालेल." मग मीही त्यांचं नाव पाडून टाकलं.

जगाचे त्यांनी तीन भाग केले होते. हिरवा टॅग म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार, आणि पिवळा म्हणजे होल्ड, निर्णय बाकी. "लाल लावायला अक्कल लागत नाही, राव. पिवळा लावायला लागते," असं ते म्हणत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. चिंचवडला त्यांच्या घरी चार खुर्च्या होत्या, पण गादी एकाच खुर्चीची बसलेली होती. मी गेलो की ते मला मुद्दाम दुसऱ्या खुर्चीवर बसवत. मला ते कळायचं, आणि तरीही मी महिना महिना जात नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चालायचा नाद लावून घेतला. एकदा चिंचवड ते भीमाशंकर पायी जायचं ठरवलं आणि पाच दिवसांसाठी मलाही ओढलं. पहिल्याच दिवशी कुरुळीजवळ एका कंपनीच्या भिंतीला लागून पुठ्ठ्याचा खोका दिसला. आत पिल्लू. टाकणाऱ्याने शेजारी बिस्किटांचा पुडा ठेवला होता, पण फोडून ठेवला नव्हता. काका तिथेच फतकल मारून बसले आणि त्यांनी पिल्लाच्या कानापासून शेपटीपर्यंत अंगठा फिरवला. मागचा एक पाय अधू होता. वाणसामानाची यादी करायला ते जुने टॅग जवळ बाळगत. त्यातला एक पिवळा काढून त्यांनी लिहिलं. पार्टचं नाव: पिल्लू. कारण: मालक नाही. निर्णयाची जागा कोरी ठेवून टॅग सुतळीने त्याच्या गळ्यात बांधला.

मग आमची यात्रा राहिली बाजूला आणि स्थळं बघणं सुरू झालं. चाकणचा एक ढाबेवाला पिल्लू घ्यायला तयार होता, पण त्याच्याकडच्या कुत्र्याची साखळी काकांनी बघितली. "हातभर आहे. रिजेक्ट." पुढे एका फार्महाउसचे मालक हौशी निघाले, पण ते यायचे फक्त शनिवार-रविवार. "आठवडाभर एकटं? नको. एकट्याचं काय होतं ते मला माहीत आहे," असं म्हणून काका बुटाची नाडी बांधत बसले. ती सुटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पिल्लू त्यांच्या बुटावर डोकं ठेवून झोपलं. मी म्हटलं, "काका, तुम्हीच ठेवा ना."

"कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. मी सदुसष्ट वर्षांचा. जेवढी गॅरंटी देता येत नाही, तेवढा माल घ्यायचा नाही."

मी चिडलो, वाद घातला. ते झोपलेल्या पिल्लाखालून पाय न हलवता ऐकत राहिले.

तिसऱ्या दिवशी चासच्या पुढे एक मावशी अंगणात कांदे निवडत बसल्या होत्या. आम्ही काही विचारायच्या आत त्यांनी दुधात भाकरी कुस्करून पिल्लापुढे ठेवली. "ठिवा हितंच. दोन शेरडं हायती, त्यात ह्यो एक. नाव काय ह्याचं?"

मी गमतीने टॅगवरचा छापील शब्द वाचला, "होल्ड."

"हाल्या? बरं हाय."

कुत्र्याला रेड्याचं नाव! मी दुरुस्त करणार, तोच काका म्हणाले, "राहू दे. ड्रॉइंगमध्ये बदल झाला म्हणायचं." त्यांनी टॅग सोडला, निर्णयापुढे 'ओके' लिहिलं, तो खिशात घातला आणि चालू लागले. मी दोनदा वळून पाहिलं, त्यांनी एकदाही नाही. "पास केलेल्या मालाला परत हात लावायचा नाही," एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी भीमाशंकरच्या पायऱ्यांवर मात्र त्यांनी मध्येच विचारलं, "तिनं दूध कोमट केलं होतं का रे?"

चार वर्षांनी काका गेले. हृदयविकाराचा झटका. त्यांचा गॅरंटीचा हिशेब बरोबर निघाला, याचा मला आजही राग येतो.

मावशींना सांगायला मी मुद्दाम चासला गेलो. ऐकून त्या खालीच बसल्या. "तरीच. दोन आईतवार झालं, आलं न्हाईत."

मला काही कळेना. त्यांनी रस्त्यापलीकडच्या चिंचेकडे बोट दाखवलं. "दर आईतवारी एस्टीनं यायचं. तितंच हुबं ऱ्हायचं घटकाभर. म्या म्हनायची, या की आत, च्या घ्या. तर म्हनायचं, नगं, त्याला माजी सवय लागंल."

हाल्या चांगला थोराड झाला होता. मी हाक मारली तेव्हा लंगडत आला, माझा हात हुंगला आणि परत जाऊन चिंचेकडे तोंड करून बसला. त्या दिवशी रविवार होता.

"आईतवारी असाच बसतोय," मावशी म्हणाल्या. "सांज होईस्तवर भाकरीला तोंड लावत न्हाई."

तीस वर्षं काकांच्या अंगठ्याखालून काही सुटलं नव्हतं. हे सुटलं.

मी रस्ता ओलांडून चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. हाल्याने कान टवकारले, मला नीट बघितलं, आणि मान पंजांवर टेकवली.