वाचला गेलेला लेख

इंगोले सरांना दुसऱ्याच्या डब्यात डोकवायची खोड होती. दिल्लीच्या मोठ्या संस्थेत पंधरा-सोळा वर्षं आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवून आलेला माणूस, परदेशी नियतकालिकांत लेख छापून आलेला, आणि मंगरूळपीरच्या आमच्या कॉलेजात पहिल्याच तासाला म्हणाला काय, तर डबे उघडा. माझ्या डब्यात पोळ्या आणि घट्ट वरण होतं. तूर कोणाची, त्यांनी विचारलं. आमच्याच वावरातली, मी तोऱ्यात सांगितलं. मग तेल कुठलं, हिंग कुठला, असं करत त्यांनी मला मलेशिया आणि अफगाणिस्तान फिरवून आणलं. सोयाबीन आपण पिकवतो आणि फोडणी पामतेलाची देतो, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "तुह्या मायनं एक फोडणी देली, अन् तीन देश चुलीवर आले," सर म्हणाले. वर्ग हसला. मी मात्र ठरवून टाकलं, आपण हेच शिकायचं.

सर मूळचे धनजचे, म्हणजे माझ्याच गावचे. त्यांची आई दिल्लीत राहायला तयार होईना, म्हणून ते परत आले. गावाला ते पटलं नाही. दिल्ली सोडून कोणी मंगरूळला येतं का, नक्की काहीतरी भानगड असणार, असं लोक उघड बोलायचे. सरांच्या कानावर यायचंच. ते एवढंच म्हणायचे, "माल जिकडं भाव तिकडं जाते. मानसाले माय अस्ते."

दर शनिवारी ते एसटीने गावी यायचे आणि पौर्णिमेला विहारात वंदनेला बसायचे. वंदना आटोपली की लोक त्यांना घेरायचे. तूर विकू का ठेवू? सोयाबीन चढते का? सरांचं उत्तर ठरलेलं. "भाव ज्योतिष्याले विचारा. मले कारन विचारा." लोक चिडायचे. माझी आई तर एकदा तोंडावर म्हणाली, नावापुढे डॉक्टर लावता आणि औषध काही देत नाही. बाबा गेल्यापासून चार एकर तीच करत होती, त्यामुळे तिची जीभ कोणाची भीड ठेवत नसे. सर हसले, पण ते त्यांना लागलं असावं. कारण पुढच्याच माघ पौर्णिमेला त्यांनी आपला नेम मोडला.

त्या वर्षी तूर घरात आली होती आणि माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. मला पुण्याला एम.ए.ला पाठवायचं, हे सरांनीच आईच्या गळी उतरवलं होतं आणि तो खर्च तुरीतून निघायचा होता. आईने विहाराच्या पायरीवर त्यांना अडवलं. "भाऊ, पोरगी तुमचीच म्हना. आता तरी सांगा." सर म्हणाले, बर्मातलं पीक बसलंय, आफ्रिकेतलंही बरं नाही, तिकडच्या सहकाऱ्यांशी बोलणं झालंय. भाव चढणार. "विकू नोका. थांबा." आजूबाजूला जेवढे होते तेवढे थांबले. आईने पोत्यांत कडुलिंबाचा पाला घातला आणि ती माजघरात रचून ठेवली.

भाव चढला. सर म्हणाले तस्साच चढला. आई तर गावभर सरांचं नाव घेत फिरली. आणखी थोडं थांबू, असं सगळ्यांनाच वाटलं. आणि वैशाखात सरकारने बाहेरच्या तुरीवरचा कर काढून टाकला. कुठून कुठून जुना साठा जहाजात भरून मुंबईला आला आणि आमची तूर कोणी विचारीना. पोत्यांत भुंगे झाले. पुण्याचा प्रवेश हुकला. मी वर्षभर घरी बसले. मला सरांचा फार राग आला, आणि खोटं कशाला बोलू, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. करमाफीची शिफारस करणाऱ्या समितीचा अहवाल सरांना टपालाने आला, सोबत आभाराचं पत्र. डाळ महागली की आयात ताबडतोब खुली करावी, हे म्हणणं सरांचंच होतं. दिल्लीत असताना लिहिलेल्या ज्या लेखावर त्यांना बढती मिळाली, त्याच लेखाचा आधार समितीने पानोपानी घेतला होता. मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा अहवाल टेबलावर उघडा होता. समुद्रापलीकडचं पीक तुम्हाला कळतं, आणि स्वतः काय लिहिलंय ते आठवत नाही? मी नको तेवढ्या मोठ्या आवाजात विचारलं.

"आठवत होतं," सर म्हणाले. "पन पोरी, आमचे लेख वाचते कोन? कोनी वाचलं असन, हे मले खरंच वाटलं नाही."

मी निघून आले.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. त्या दिवशी वाचन संपल्यावर सर उठले आणि म्हणाले, मला माझंही एक वाचायचं आहे. इंग्रजी लेख त्यांनी हाताने मराठीत उतरवून आणला होता. गिऱ्हाइकाला स्वस्त डाळ मिळते, विकणाऱ्या देशाचा फायदा होतो, सरकारला महागाई आवरता येते, असं ते एकेक वाचत गेले. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाले की हे माझंच आहे, आणि तुम्हाला थांबा म्हणणाराही मीच. मला वाटलं, आता लोक तुटून पडतील. पण लोक नुसते बघत बसले, आणि ते जास्त वाईट होतं.

मग आई बोलली. रागाने नाही, वावराची हद्द विचारावी तशी. "भाऊ, याच्यात आमी कुठी आहो?"

सरांनी कागद पुन्हा उचलले. पहिल्या पानापासून शोधायला लागले. खरोखर शोधत होते, चष्मा कपाळावर ढकलून, ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या पानापर्यंत गेले. "नाही वहिनी," ते म्हणाले. "तुमी नाही याच्यात." आणि खाली बसले.

त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी एकच लेख लिहिला. पहिल्या पानावर मथळा म्हणून आईचा प्रश्न, जसाच्या तसा. दोन नियतकालिकांनी तो परत पाठवला. एकाने कळवलं, की हे अनुभवकथन आहे, अर्थशास्त्र नव्हे. सर तिसऱ्यांदा लिहीत होते. भाव विचारायला आता कोणी येत नव्हतं, आणि "कारन विचारा" म्हणणंही त्यांनी सोडलं होतं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मयतीला आई आली, जयभीम घातला आणि बराच वेळ त्यांच्या पायाशी बसून राहिली.

मी आता त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पीएच.डी. करते. सरांची फाईल माझ्याकडे आहे. तिसऱ्यांदा लिहिलेला लेख निम्म्यावर तुटलाय. पुढे कोरी पानं आहेत आणि ती मला भरता येत नाहीत, हेही सांगून टाकते. दर रविवारी आईचा फोन येतो. जेवलीस का, पाणी आलं का, एवढं झालं की ती न चुकता विचारते.

"सापडलो का आमी?"

"नाही माय," मी म्हणते, "अजून नाही."