गाणारी बाई उजवीकडे सरकली

आठ नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी, माझ्या सासऱ्यांचा डावा कान मंद झाला आणि त्यांना वाटलं की प्लेयर बिघडला. असा अचानक गेलेला कान परत आणायला साधारण चौदा दिवस हातात असतात. हे मला कळलं तेव्हा तेरावा दिवस चालू होता. त्या दिवसांत आमच्या घरी कोणीही वाईट वागलं नाही, म्हणूनच ते सांगायला जड जातं.

सासऱ्यांचं नाव मोमोसे तामोत्सु. मात्सुमोतो शहराच्या पाणी खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं गळती शोधली. खांद्याएवढ्या उंचीची पोलादी सळई, तिचं एक टोक मीटरच्या नळावर, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. जमिनीखाली कुठे पाइप फुटला असेल तर सळईतून बारीक फुसफुस येते. गाड्यांची वर्दळ, कुणाच्या फ्रिजची घरघर, शेजारणीने उघडा टाकलेला नळ, या सगळ्यातून ती फुसफुस निवडून काढायची. पुढे खात्यात यंत्रं आली. पण यंत्राचं आणि रस्त्याचं पटेनासं झालं की साहेब म्हणायचे, "मोमोसे-साननाच बोलवा." निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना ती सळई देऊन टाकली. जिन्याखाली छत्र्यांच्या शेजारी ती उभी असते.

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी डिस्क प्लेयर घेतला. अठ्ठावीस किलोचा. सासूबाई अजून म्हणतात, "लोक निवृत्त झाले की हवाईला जातात. आमच्याकडे हवाई खोक्यातून आलं." ते खोकंही जपून ठेवलंय, आतल्या फोमच्या चारही कोपऱ्यांसकट. ते कपाटात असल्यामुळे पाहुण्यांच्या गाद्या आमच्या खोलीत असतात. प्लेयर चालू केला की दोन तास तापू द्यायचा, मग ऐकायचं. डिस्कचा कप्पा कसलाही आवाज न करता, मोठ्या घरच्या नोकराने तबक पुढे करावं तसा बाहेर येतो. ऐकण्याची खुर्ची एकच आणि तिची जागाही एकच. चारही पायांभोवती जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत. केर काढताना मी ती खुर्ची हलवत नाही.

खुर्चीत बसलं की दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, भिंतीच्या जरा पुढे, गाणारी बाई उभी राहते. दिसत नाही, पण असते. लग्नानंतर पहिल्यांदा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला तिथे बसवून विचारलं होतं, "कुठे आहे ती?" मी बोट दाखवलं. ते खूश झाले. "उंचीसुद्धा बरोबर सांगितलीस," म्हणाले.

त्या गुरुवारी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "बाई सरकलीय."

"कुठली बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"उजवीकडे सरकलीय. दोन वीत."

"मग बसेल तिथेच. तिलाही कंटाळा आला असेल मध्येच उभं राहून."

बाबा हसले नाहीत. त्यांनी प्लेयरच्या मागच्या वायरी काढून डाव्याची उजवीकडे, उजव्याची डावीकडे लावली. दोष प्लेयरमध्ये असता तर बाई आता डावीकडे जायला हवी होती. ती उजवीकडेच राहिली. खरं तर तिथेच सगळं उलगडायला हवं होतं. पण या मशीनवाल्या लोकांत एक रीत आहे. काहीही हलवलं, साधी वायरसुद्धा काढून लावली, तर लगेच ऐकून काही ठरवायचं नाही. ती 'बसू' द्यायची. दहा दिवस तरी. त्या वायरी चार वर्षांत पहिल्यांदाच हलल्या होत्या. बाबांनी कॅलेंडरवर अठरा तारखेला गोल केला आणि मशीन चालू ठेवून ते वाट बघत बसले. अधूनमधून जाऊन वरच्या झाकणावर तळहात ठेवायचे.

"मला ताप आला होता," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा माझ्या कपाळावर एवढ्या वेळा हात ठेवला नव्हता यांनी."

माझ्या लक्षात आलं ते चौथ्या दिवशी. जेवताना मी बाबांच्या डावीकडे बसते. मी लोणच्याचा वाडगा पुढे करत विचारलं, "बाबा, अजून घालू?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मग वाडगा दिसल्यावर ते दचकले आणि म्हणाले, "अगं, बोलायचं तरी." दुसऱ्या दिवशी फोन आला. ते नेहमी फोन डाव्या कानाला लावतात. त्यांनी तो लावला, मग उजव्याला नेला. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

मी नोरिआकीला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं.

"बाबांचा कान?" तो म्हणाला. "बाबांचा? तू सांगतेस का त्यांना? मी नाही सांगणार."

"तू मुलगा आहेस."

"म्हणूनच नाही सांगणार. अगं, त्या माणसाने सगळ्या शहराचे नळ कानाने ऐकलेत. थोडं थांब. त्यांचं त्यांनाच कळेल."

सासूबाईंनी तर विषयच बदलला. पण त्या दिवसापासून त्या बाबांच्या उजव्या बाजूला बसू लागल्या.

अठरा तारखेला तिसरा रविवार होता. तिसऱ्या रविवारी दुपारी तीन मित्र पाळीपाळीने एकमेकांकडे ऐकायला जमतात. त्या महिन्यात आमची पाळी होती. करासावा-सान निवृत्त दंतवैद्य. अकाहाने-सानचं सोबा नूडल्सचं दुकान आहे. त्यांच्याकडेही बाबांसारखाच प्लेयर आहे, तेच मॉडेल, त्याच वर्षी घेतलेलं. बाबांनी फोनवर गळ घातली म्हणून कमरेला पट्टा आवळून ते आपला प्लेयर गाडीतून घेऊन आले होते.

आधी आमचा लागला. गाणं संपलं. बाबांनी विचारलं, "डावी बाजू कमी वाटते का?"

करासावा-सान चहाच्या पेल्यात बघत होते. या बैठकींत कोणी कोणाच्या मशीनला नावं ठेवत नाही. पण यजमानाने आपणहून उणीव काढली, तर ती खोडूनही काढायची नसते. खोडली तर त्याच्या कानांवरच शंका घेतल्यासारखं होतं.

"तुम्ही म्हणताय तर," करासावा-सान म्हणाले, "हो, जरा तसं वाटतंय खरं."

मग अकाहाने-सानचा प्लेयर जोडला. तोच आवाज, तीच बाई. बाबांच्या कपाळावर आठी उमटली. "अकाहाने-सान, राग मानू नका. पण तुमचाही."

अकाहाने-सान बाबांकडे बघू लागले. मी हातात ट्रे घेऊन दारात उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना काही वेगळं ऐकू आलेलं नव्हतं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "हो की. घरी माझं कधी लक्षच गेलं नाही. माझे कान म्हणजे नुसती कणीक. तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच."

"मॉडेलमध्येच दोष आहे तर," बाबा म्हणाले.

"एकाच वर्षी जन्मलेले दोघे," करासावा-सान म्हणाले, "एकदमच दात हलायला लागले."

सगळे हसले. बाबाही हसले, दहा दिवसांत पहिल्यांदा. मग ते माझ्याकडे वळले. "चिहारु, तुझे कान तरुण आहेत. तू सांग. कुठे आहे ती?"

ती मधोमध होती. भिंतीच्या जरा पुढे, नेहमीच्या उंचीवर. दारात उभ्या उभ्यासुद्धा मला ते कळत होतं.

"जरा उजवीकडे आहे, बाबा," मी म्हणाले.

सोमवारी दोन्ही प्लेयर आपापल्या खोक्यांतून कारखान्याला रवाना झाले. दोन आठवडे लागतील असं सांगण्यात आलं.

मंगळवारी मी बाबांना म्हणाले, "माझा कान दुखतोय. दवाखान्यात सोबत याल का?" कान दुखत नव्हता. मला वाटलं होतं, तिथे पोचल्यावर पुढचं आपोआप होईल. ते लगेच कोट घालून निघाले. दवाखान्यात गर्दी होती आणि निम्मी माणसं आमच्याच गल्लीतली होती. बाबा माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. परिचारिकेने विचारलं, "आजोबांचंही नाव लिहू का?"

"नको, नको. मी फक्त सोबत."

आत डॉक्टरांनी माझे कान तपासले. ठणठणीत होते. मी विचारलं, एखाद्याचा एकच कान अचानक मंद झाला तर? त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कोणाचा?"

"घरच्यांपैकी एकाचा."

"कधीपासून?"

"बारा-तेरा दिवस."

"मग आजच आणा. उद्या नको. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर आशा असते. नंतर फारसं काही हातात राहत नाही."

मी बाहेर आले. ज्यांना आणायचं ते सहा पावलांवर माझी पिशवी सांभाळत बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "बाबा, डॉक्टर म्हणतात, आलाच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या."

"मी?" ते मोठ्याने म्हणाले. आपण मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळलं नाही. "डॉक्टरांना गिऱ्हाइकं कमी पडली की काय?"

बाकांवरची माणसं हसली. कोपऱ्यातली आजीबाई म्हणाली, "मोमोसे-सानचे कान तपासायचे तर डॉक्टरला आधी नवी सळई घ्यावी लागेल." पुन्हा हशा झाला. मीही हसले. का हसले, माहीत नाही. सगळे हसत होते.

घरी परतताना पुलावर मी थांबले. "बाबा, मला वाटतं दोष मशीनमध्ये नाही. तुमच्या डाव्या कानात आहे."

ते नदीकडेच बघत होते. मला वाटलं ऐकूच गेलं नाही, आणि आता पुन्हा म्हणण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मग ते शांतपणे म्हणाले, "मशीन परत येऊ दे. कारखान्याने दोष नाही म्हटलं, तर मी कान दाखवीन. शब्द देतो."

"डॉक्टर म्हणाले आजच."

"एका वेळी एकच गोष्ट तपासायची असते, चिहारु. नाहीतर गळती सापडत नाही."

छत्तीस वर्षं ते असेच काम करत आले होते, आणि त्या रीतीने चुकले नव्हते. त्या संध्याकाळी मी नोरिआकीला सगळं सांगितलं. तो वर बाबांच्या खोलीत गेला, अर्ध्या तासाने खाली आला. "शब्द दिलाय म्हणतात," एवढंच म्हणाला. चौदावा दिवस नेहमीच्या बुधवारसारखा गेला. सासूबाईंनी मुळ्याचं लोणचं घातलं. बाबांनी त्यांना लोणच्यावर दाबायला ठेवायचे दगड उचलून दिले.

प्लेयर चार डिसेंबरला आला, सत्ताविसाव्या दिवशी. सोबत कागद होता. दोन्ही बाजूंची मोजमापं तंतोतंत सारखी, खाली एक ओळ, 'कोणताही दोष आढळला नाही.' बाबांनी कागद दोनदा वाचला. मशीन जागेवर ठेवलं, दोन तास तापू दिलं, खुर्चीत बसले. मग उठून जिन्याखालून सळई घेऊन आले.

तिचं एक टोक त्यांनी प्लेयरच्या झाकणावर टेकवलं, दुसरं डाव्या कानाला. डोळे मिटले. "आहे," ते म्हणाले. "फुसफुस आहे. आत काहीतरी सुटतंय. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतेय ही."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी सळई स्पीकरला लावली. तिथेही होती. खिडकीच्या चौकटीला लावली. लाकडी खांबाला लावली. मग टोक कशालाही न टेकवता सळई नुसती हवेत धरली आणि तसेच उभे राहिले. सासूबाई दारात आल्या होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या. त्या त्यांच्या डावीकडे होत्या.

बाबांनी सळई भिंतीला टेकवून ठेवली. मशीन बंद केलं. "उद्या सकाळी जाऊ," ते मला म्हणाले.

मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कधीपासून?" बाबांनी तारीख सांगितली, वेळही सांगितली. डॉक्टरांनी ती लिहून घेतली. दहा दिवसांची औषधं दिली. "प्रयत्न करू," म्हणाले.

त्या दहा दिवसांत अकाहाने-सान ताजे नूडल्स घेऊन आले. दरवाजाच्या आतच, बूटही न काढता, त्यांनी कमरेतून वाकून मान खाली घातली. "त्या रविवारी माझं मशीन सरळच वाजत होतं. मला ऐकू येत होतं. मी बोललो नाही."

"मी विचारलंच तसं होतं," बाबा म्हणाले. "आत या. पाणी उकळतंय."

ते बूट काढून आत आले. सगळ्यांनी मिळून नूडल्स खाल्ले. पण त्या रविवारी मी जे खोटं बोलले होते, ते मी त्या दिवशीही बाबांना सांगू शकले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

शेवटची तपासणी सतरा डिसेंबरला झाली. काचेची खोली, आत बाबा, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. दाबलं की बाहेरच्या पेटीवर दिवा लागतो. आधी उजवा कान झाला. दिवा भराभर लागत गेला, इतके बारीक आवाज की तपासणाऱ्या मुलीने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. "या वयात!" ती म्हणाली.

मग डावा. तिने चकती फिरवली. बाबांनी डोळे मिटले होते, अंगठा बटणावर होता. तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. बाबांचा चेहरा कामात असायचा तसा होता, रस्त्याच्या कडेला वाकून सगळं शहर बाजूला सारून एक गोष्ट ऐकणाऱ्या माणसाचा. अंगठा हलला नाही. बऱ्याच वेळाने एकदा दिवा लागला, आणि मुलगी हळूच म्हणाली, "आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

आत बाबांनी डोळे उघडले. काचेतून माझ्याकडे बघून त्यांनी ओठांनीच विचारलं, बरोबर?

मी मान डोलावली नाही. नकारार्थी हलवलीही नाही. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि मुलीने चकती पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतली.